कंटेनर आला म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम गेली नाही

नाशिकच्या डेव्हलपर मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातोय: "कंटेनर आले, ओएसचा प्रश्न मिटला. एकदा इमेज बनवा, कुठेही चालवा. डेटाही सुरक्षित. डेब, आरपीएम पॅकेज शिकण्यात वेळ घालवू नका." सातपूर-अंबडच्या कारखान्यांना सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर बसवून देणारी नवी मुलं हे खरं मानून कामाला लागतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या फाइलींसकट बंद डब्यात चालवायची सोय, इमेज म्हणजे त्या डब्याचा साचा. डेब आणि आरपीएम हे लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवायच्या पॅकेजचे दोन प्रकार, पहिला डेबियन घराण्याच्या लिनक्सचा, दुसरा रेडहॅट घराण्याच्या.

"कुठेही चालवा." कंटेनर स्वतःचं कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, आणत नाही, यजमान मशीनचंच वापरतो. विंडोज किंवा मॅकवर लिनक्स कंटेनर चालतो, कारण डॉकर डेस्कटॉप हे कंटेनर चालवायचं सॉफ्टवेअर आत एक व्हर्च्युअल लिनक्स चालवत असतो. कारखान्यात बहुतेकदा विंडोज सर्व्हर असतो आणि डॉकर डेस्कटॉपला तर विंडोज सर्व्हरवर अधिकृत सपोर्टच नाही. मग वेगळं लिनक्स व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) उभं करावं लागतं आणि ते सांभाळणारा माणूसही लागतो. हे कोटेशन देण्याआधी विचारायचं असतं, नंतर नाही.

प्रोसेसरचंही तसंच. २०२० नंतरच्या अॅपल चिपच्या मॅकवर साधेपणाने बांधलेली इमेज एआरएम प्रकारच्या प्रोसेसरची निघते. ती इंटेल सर्व्हरवर नेली की 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते. दोन्हींसाठी बांधता येते, पण ते मुद्दाम करावं लागतं.

"डेटाही सुरक्षित." मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटते. पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर मजकुराचा क्रम सहसा ओएसच्या सी लायब्ररीला विचारून लावतं आणि इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) त्या क्रमावर उभा असतो. बहुतेक लिनक्सवर ही लायब्ररी म्हणजे ग्लिबसी. तिची २.२८ आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि हा क्रम बदलला. अमेरिकन इंग्रजी लोकेलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) आधी '११' पुढे आणि '१-१' मागे लागायचं, ते उलटं झालं. सातपूरच्या कुठल्याही वर्कशॉपचे पार्ट नंबर आठवा, डॅशशिवाय पान हलत नाही. डेबियन ९ वरून १० वर किंवा रेडहॅट ७ वरून ८ वर तीच डेटा फाइल नेली, तर इंडेक्स जुन्या क्रमाचा आणि शोध नव्या क्रमाने. टेबलात असलेला पार्ट सापडत नाही, युनिक कॉलममध्ये, जिथे एक नंबर एकदाच यायला हवा, तोच नंबर दुसऱ्यांदा शिरतो.

कंटेनरमध्ये हा धोका वाढतो, कारण बदल एका ओळीचा असतो. कुणीतरी इमेज लहान व्हावी म्हणून डेबियनऐवजी अल्पाइन या छोट्या लिनक्सची पोस्टग्रेस इमेज लिहितं, व्हॉल्यूम (डेटा ठेवायची जागा) तोच ठेवतं. अल्पाइनमध्ये ग्लिबसी नाही, मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे, तिचा क्रम आणखी वेगळा. कंटेनर व्यवस्थित सुरू होतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. असा बदल केलाच तर मजकुरावरचे इंडेक्स रीइंडेक्स करा, म्हणजे नव्याने बांधा. पार्ट नंबरसारख्या कोडच्या कॉलमला पहिल्या दिवसापासून 'सी' कोलेशन (क्रम लावायचा नियम) द्या. ते बाइटच्या क्रमाने चालतं, ओएस बदलला तरी हलत नाही.

"पॅकेज शिकू नका." डॉकरफाइल, म्हणजे इमेज बांधायच्या सूचनांची फाइल, उघडून पाहा, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत एपीटी किंवा एपीके हे पॅकेज बसवणारं साधन बसलेलं असतं. कंटेनरच्या बाहेरही यजमान ओएस सुटत नाही. रेडहॅट घराण्यात एसईलिनक्स ही सुरक्षा व्यवस्था चालू असते. फोल्डर आत जोडताना लेबल दिलं नाही की परवानगी नाकारली जाते आणि मुलं घाईघाईत एसईलिनक्सच बंद करून टाकतात. हे मला अजिबात पटत नाही.

कंटेनरने काम सोपं केलं, यात वाद नाही. पण ज्या ग्राहकाला थेट पॅकेज हवं, तिथे डेबियनचं 'अपाचे२' हे वेब सर्व्हरचं पॅकेज रेडहॅटवर 'एचटीटीपीडी' होतं, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या युजरच्या जागी 'अपाचे' येतो. डेबियनवर पोस्टग्रेस बसवताच डेटाबेस तयार होऊन सर्व्हिस सुरू होते; रेडहॅटवर दोन्ही हाताने करावं लागतं. तुमची इन्स्टॉल स्क्रिप्ट कोऱ्या डेबियनवर आणि कोऱ्या रॉकी लिनक्सवर (हे रेडहॅट घराण्यातलं) चालवा, मशीन रीस्टार्ट करा, सर्व्हिस आपोआप उठते का पाहा, मग जुन्या आवृत्तीवर नवी चढवून पाहा. एवढं झाल्यावरच अंबडला जायला निघा.