पॅलेट परत कधी येणार?

आमच्या कंपनीत नवी कल्पना आली की ती आधी साहेबांच्या केबिनमध्ये शिरते, मग नोटीस बोर्डावर चढते आणि शेवटी स्टोअरमध्ये येऊन माझ्या मानगुटीवर बसते. अंबड एमआयडीसीत स्टोअर सांभाळायला लागून मला 22 वर्षं झाली. फाइव्ह एस, कायझेन, सगळी भुतं याच वाटेने आली. यंदाचं भूत सर्क्युलर इकॉनॉमीचं. नोटिशीत मराठीही होतं, ‘चक्राकार अर्थव्यवस्था’. शॉपमधल्या पोरांना वाटलं, आता पगार फिरवून फिरवून देणार.

तसं प्रकरण सोपं होतं. उरलंसुरलं सामान थेट भंगारात घालायचं नाही. आधी दुसऱ्या खात्यात खपतं का बघायचं, मग कामगारांना घरी न्यायला द्यायचं आणि कोणीच हात लावला नाही तर भंगारवाला. माझ्या आईने एकेका लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं आणि पायपुसण्याचं सायकल पुसायचं फडकं केलं. पण तिला गेटपास लागत नव्हता.

पहिला आठवडा कोणी काही नेईना. साहेब म्हणाले, ‘‘तुम्हीच सुरुवात करा.’’ मी जर्मनीहून आलेल्या मशीनच्या पार्टखालचं लाकडी पॅलेट, म्हणजे माल ठेवायचा फळ्यांचा पाट, निवडलं. घरी बाल्कनीत त्याचा सोफा करायचा बेत होता. पॅलेटच्या ठोकळ्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का होता आणि पुढे ‘एचटी’. म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश उष्णता सलग 30 मिनिटं दिलेली, इकडचा किडा तिकडे जाऊ नये म्हणून. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते घरात नको. एवढी पारख स्वतःच्या लग्नातही केली नव्हती. (हे वाक्य घरी वाचून दाखवणार नाही.)

गेटवर सिक्युरिटीचे मामा पेन उघडून बसलेले. ‘‘रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?’’

नॉन-रिटर्नेबलला अकाउंट्सची सही लागते. अकाउंट्सवाले सहीआधी किंमत विचारतात आणि ‘फुकट’ म्हटलं की आपल्या पिशवीकडे बघतात. बाहेर छोटा हत्ती उभा, त्याचं भाडं चढतंय. म्हटलं, ‘‘लिहा रिटर्नेबल.’’

पॅलेट 1200 बाय 800 मिलिमीटरचं. पवननगरमधल्या आमच्या जिन्याला ही युरोपची मापं कोणी कळवली नव्हती. दुसऱ्या वळणावर ते असं अडकलं की वरच्या मजल्यावरची आजी अर्धा तास वरच आणि तिची गवार खाली भाजीवाल्याकडे.

रविवारी पहार-हातोडा घेऊन बसलो. व्हिडिओतला पोरगा आठ मिनिटांत सोफा करतो. पण पॅलेटचे खिळे पिळाचे असतात, एकदा आत गेले की लाकूड फाटेल पण खिळा निघायचा नाही. संध्याकाळपर्यंत खिळे निघाले चार, फळ्या तडकल्या दोन, अंगठा सुजला एक. धाकट्याने मात्र भविष्याकडे बघून जांभळ्या स्केचपेनने एका फळीवर ‘बाबा’ आणि दुसरीवर ‘आईची जागा’ लिहून ठेवलं होतं. त्याच्या आईने ती जागा बघितली. मी घाईघाईने शिक्क्याचं सांगितलं, ‘‘अगं, यात एक किडा जिवंत नाही.’’

‘‘लाकडातला मेला असेल हो,’’ ती म्हणाली, ‘‘तुमच्या डोक्यातल्याचं काय?’’

याच सुमारास मी एका बाजूने कोरे कागदही आणायला लागलो होतो. धाकट्याने त्यावर ‘माझा आवडता ऋतू’ लिहिला. बाईंनी पान उलटलं तर मागे इन्स्पेक्शनचा शिक्का, ‘रिजेक्टेड. रिवर्क करून परत पाठवा.’ बाईंनी मला बोलावून घेतलं. निबंध चांगला होता म्हणे.

पॅलेट काही दिवस कुंड्यांखाली राहिलं, मग तळमजल्यावरच्या काकूंच्या माठाखाली गेलं. काकूंच्या सुनेचा पदर खिळ्याला अडकल्यावर ते पुन्हा आमच्या दारात. शेवटी भंगारवाल्याला हाक मारली. ‘‘लाकडाला भाव नाही काका, उचलतो हेच समजा,’’ म्हणत त्याने ते हातगाडीवर टाकलं. मी सुटलो.

सुटलो म्हणजे घरी. गेटवर मामा रोज सकाळी रजिस्टरवर बोट ठेवून विचारायचे, ‘‘साहेब, पॅलेट परत कधी येणार?’’ महिनाअखेरीला माझं नाव पेंडिंगच्या यादीत पहिलं. वरून ऑडिट तोंडावर.

मग परवा परचेसवाल्यांनी खर्च वाचवायला म्हणून, अंबड लिंक रोडवरच्या एका व्यापाऱ्याकडून 40 जुनी पॅलेट दुरुस्त करून मागवली. 350 रुपये नग, जीएसटी वेगळा. माल मोजायला मीच. सतराव्या पॅलेटला दोन फळ्या नव्या ठोकलेल्या. तिसऱ्या फळीवर जांभळ्या अक्षरात, ‘आईची जागा’.

मी चलनावर सही केली, दुसरं काय करणार! मामा वाकून शिक्का बघत होते, मग ती जांभळी अक्षरं. त्यांनी रजिस्टर काढलं, पट्टी धरून माझ्या नोंदीवर लाल रेघ मारली आणि म्हणाले,

‘‘बघा साहेब, नॉन-रिटर्नेबल लिहिलं असतं तर केवढा घोळ झाला असता.’’