मेंडेस-फ्रान्स यांनी साम्राज्य मातीमोल विकले काय?

पिएर मेंडेस-फ्रान्स या फ्रेंच पंतप्रधानांविषयी त्यांच्या हयातीतच रूढ झालेला एक आरोप आजही हातोहात फिरतो. 1940 मध्ये युद्धातून पळालेल्या या गृहस्थाने 1954 मध्ये साडेसात महिन्यांच्या कारकिर्दीत इंडोचायना (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया), ट्युनिशिया, पाँडिचेरी आणि पर्यायाने अल्जीरियाही मातीमोल भावाने देऊन टाकले, असे त्याचे स्वरूप आहे.

पळपुटेपणाचा मुद्दा आधी निकालात काढू. जून 1940 मध्ये उत्तर आफ्रिकेतून लढाई चालू ठेवण्याच्या इराद्याने काही खासदार ‘मासिलिया’ जहाजाने मोरोक्कोला निघाले, त्यांत हवाई दलातील अधिकारी असलेले मेंडेस-फ्रान्सही होते. जर्मनीपुढे गुडघे टेकलेल्या विशी सरकारने त्यांना अटक केली आणि 1941 मध्ये ‘पलायना’बद्दल सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. ते त्याच वर्षी तुरुंगातून निसटले, लंडनला पोहोचले आणि द गॉल यांच्या मुक्त फ्रान्सच्या ‘लोरेन’ बाँबफेकी पथकात दाखल झाले. ज्यांनी शस्त्रे खाली ठेवली त्यांनीच दिलेला हा निवाडा आज पुरावा म्हणून पुढे करावा, हे अजबच म्हटले पाहिजे.

खरा वाद इंडोचायनाचा आहे. दिएन बिएन फू हा व्हिएतनाममधील फ्रेंच लष्करी तळ 7 मे 1954 रोजी पडला, तेव्हा सत्तेवर जोसेफ लानिएल होते आणि युद्ध थांबवण्यासाठीची जिनिव्हाची परिषदही त्यांच्याच काळात सुरू झाली होती. मेंडेस-फ्रान्स जूनच्या मध्यास आले, ते 20 जुलैपर्यंत तह न झाल्यास राजीनामा देण्याचा शब्द देऊनच. या मुदतीने त्यांनी आपलेच हात बांधून घेतले, असे टीकाकार म्हणतात. पण तह फसला तर पद सोडण्यापूर्वी सक्तीच्या भरतीतील तरुणांना इंडोचायनात पाठवण्याचे विधेयक मांडू, हेही त्यांनी बजावले होते. तोवर तिथे व्यावसायिक सैनिक, परदेशी पलटण आणि वसाहतींतील जवानच लढत होते, त्यामुळे ही धमकी पॅरिसला जेवढी झोंबली तेवढीच समोरच्यांनाही ऐकू गेली. व्हिएतमिन्हची, म्हणजे फ्रेंचांशी लढणाऱ्या साम्यवादी बंडखोरांची, व्हिएतनामच्या विभाजनरेषेबाबतची सुरुवातीची मागणी तेराव्या अक्षांशाची होती आणि रेषा ठरली सतराव्यावर, म्हणजे ह्यूए आणि तुरान (आजचे दा नांग) ही दोन्ही शहरे दक्षिणेकडे, व्हिएतमिन्हच्या हाताबाहेर राहिली. लढाईत हरलेल्या पक्षाला वाटाघाटीत एवढे मिळाले, याला विक्री म्हणणे कठीण आहे. सह्या प्रत्यक्षात 21 जुलैच्या पहाटे झाल्या, पण करारावर तारीख 20 चीच पडली, एवढी सवलत मात्र त्यांनी घेतली. संसदेने हा तह 462 विरुद्ध 13 मतांनी उचलून धरला.

ट्युनिशियाबाबत 31 जुलैला कार्थेजमध्ये त्यांनी जाहीर केली ती अंतर्गत स्वायत्तता, स्वातंत्र्य नव्हे. शिवाय वसाहतवाद्यांना अत्यंत आदरणीय असलेले मार्शल ज्युएँ त्या वेळी त्यांच्या सोबत होते. स्वातंत्र्य मार्च 1956 मध्ये मिळाले, तेव्हा पंतप्रधान गी मोले होते.

पाँडिचेरीचा मुद्दा आपल्याला जवळचा आहे. तिच्यासोबतच्या फ्रेंच वसाहतींपैकी यानम मेंडेस-फ्रान्स सत्तेवर येण्यापूर्वीच आणि माहे जुलैमध्ये आंदोलकांच्या ताब्यात गेले होते. 18 ऑक्टोबरला किळूर येथे लोकप्रतिनिधींच्या सभेत 178 पैकी 170 जणांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने मत दिले, तीन दिवसांनी करार झाला आणि 1 नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला. औपचारिक हस्तांतराला 1962 उजाडले, पण रक्तपात टळला. याच काळात पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार गोव्याबाबत हटून बसले होते आणि तिथे डिसेंबर 1961 मध्ये लष्कर उतरवावे लागले. दोहोंपैकी कोणत्या राजधानीने शहाणपण दाखवले, हे गोमंतकीय वाचकांना सांगायला नको.

उरला अल्जीरिया, आणि इथे तर आरोप साफ उलटा पडतो. नोव्हेंबर 1954 मध्ये उठाव सुरू होताच मेंडेस-फ्रान्स यांनी संसदेत अल्जीरिया हा प्रजासत्ताकाचा अविभाज्य भाग असल्याचे ठणकावले, जादा फौजा धाडल्या, आणि गृहमंत्री फ्रान्स्वा मितराँ त्यांच्याच सुरात बोलले. त्यांच्यावर टीका करायचीच तर ती या ताठर भूमिकेवर व्हायला हवी. दडपशाहीखेरीज तिथे काहीच केले जात नाही, हे पुढे त्यांना असह्य झाले आणि मे 1956 मध्ये त्यांनी मोले यांचे मंत्रिमंडळ सोडले. मात्र त्याआधीच, फेब्रुवारी 1955 मध्ये, ज्या संसदेने जिनिव्हाचा तह एवढ्या बहुमताने स्वीकारला होता, तिनेच उत्तर आफ्रिकेच्या धोरणावरून 319 विरुद्ध 273 मतांनी त्यांचे सरकार पाडले होते.