हॉर्न्सडेलची बॅटरी पाचच मिनिटं पुरते, मग?

ऑस्ट्रेलियातल्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात ग्रिडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, जोडलेल्या हॉर्न्सडेल या भल्यामोठ्या बॅटरीबद्दल एक दावा सतत फिरतो: ‘अख्खं राज्य ती जेमतेम पाच मिनिटं चालवेल, तिच्यात जडत्व नाही, आणि २०१६चा अंधार पवनचक्क्यांमुळेच झाला.’

(जडत्व म्हणजे जनरेटरच्या जड फिरत्या भागांचा फ्रिक्वेन्सीतला अचानक बदल रोखून धरण्याचा गुण.) पाच मिनिटांचं आधी बघू. २०१७च्या अखेरीस ती सुरू झाली तेव्हा साठा होता १२९ मेगावॉट-तास. मागणी १,५०० मेगावॉट धरली तर भागाकार तेवढाच येतो. पण बॅटरीची क्षमता १०० मेगावॉट. एकटीने राज्य चालवणं तिला पाच सेकंदही जमणार नाही, आणि ते काम तिला दिलेलंही नव्हतं. १००पैकी ७० मेगावॉट ग्रिड सावरण्यासाठी राखीव होते. वीजनिर्मितीचा मोठा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की ग्रिडमधल्या विजेची ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी (दर सेकंदाची आवर्तनं) घसरू लागते. वाफेच्या संचाला झडपा उघडून जोर वाढवायला काही सेकंद लागतात, बॅटरीतली वीज ग्रिडजोगी करणारा इन्व्हर्टर सेकंदाच्या आत वीज सोडतो. पुढची काही मिनिटं तग धरली की बाकीचे संच भार उचलतात. २५ ऑगस्ट २०१८ला आकाशातली वीज कोसळून ग्रिडचे तुकडे झाले, तेव्हा या बॅटरीने आधी वीज दिली आणि राज्य वेगळं पडून फ्रिक्वेन्सी चढल्यावर उलट ओढून घेतली. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या शेजारच्या राज्यांत ग्राहकांची वीज तोडावी लागली, साउथ ऑस्ट्रेलियात नाही.

२८ सप्टेंबर २०१६ला वादळाने पारेषणाचे मनोरे पाडले, दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज खचलं. ठरावीक संख्येपेक्षा जास्त झटके बसले की उत्पादन आवरायचं, असं सेटिंग कित्येक पवनचक्क्यांत होतं. ४५६ मेगावॉट गेले, सगळा ताण व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या हेवूड जोडवाहिनीवर आला आणि तीही ट्रिप होऊन राज्य अंधारात गेलं. दोष सेटिंगचा होता. ते नंतर बदललं.

जडत्वाचा मुद्दा मात्र सुरुवातीच्या काळापुरता रास्त आहे. तेव्हा इन्व्हर्टर ग्रिडची फ्रिक्वेन्सी मोजून मागोमाग जात. बॅटरी २०२०मध्ये १५० मेगावॉटची झाली आणि २०२२पासून तिचे इन्व्हर्टर फिरत्या यंत्राची नक्कल करून जडत्वही पुरवतात. फॉल्टच्या (शॉर्ट सर्किटसारख्या बिघाडाच्या) वेळी लागणारा जबर प्रवाह इन्व्हर्टरला झेपत नाही, म्हणून डेव्हनपोर्ट आणि रॉबर्ट्सटाउनला चार सिंक्रोनस कंडेन्सर (इंधनाशिवाय ग्रिडसोबत फिरणारी जड यंत्रं) बसवले आहेत.

टीकाच करायची तर खरा मुद्दा हा घ्या: २०१९मध्ये काही महिने ही बॅटरी बाजारात देऊ केलेली, फ्रिक्वेन्सी सावरण्याची आधारसेवा प्रत्यक्षात पुरवण्याच्या स्थितीत नव्हती. त्याबद्दल न्यायालयाने २०२२मध्ये कंपनीला ९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.