गळा देवानं दिला, मग गणित कुणी दिलं?

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: शाळेतली संगीताची तासिका बंद करा. कारणं तीन. गळा उपजत असतो. हौस असेल त्यानं क्लास लावावा. आणि मुलं गाण्याच्या परीक्षा देतात ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी.

गळा उपजत असेलही. पण शाळेत गाणं शिकवायचं ते गवई घडवायला, असं ठरवलं कुणी? गणिताचा तास आपण वर्गातून रामानुजन निघावा म्हणून ठेवत नाही. टाळी देत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं, शेजारच्याच्या सुरात सूर मिळवणं, भूप रागात म आणि नी हे सूर नाहीत हे कानाला कळणं, एवढं सामान्य मुलाला सरावानं जमतं. गाता गळा, शिंपता मळा, असं आपणच म्हणतो ना?

यावर संगीतप्रेमींचं ठरलेलं उत्तर येतं, ‘गाण्यानं गणित सुधारतं.’ कृपा करून हे थांबवा. याचं मूळ १९९३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगात आहे. कॉलेजातल्या ३६ जणांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, तर आकृत्यांच्या कोड्यांत ते थोडे सरस ठरले. परिणाम टिकला पाव तास. पुढे इतरांना तोही नीटसा सापडला नाही. शिवाय ते नुसतं ऐकणं होतं, शिकणं नव्हे. गाणं गाण्यासाठी शिकवावं. त्याला गणिताची शिफारसचिठ्ठी कशाला?

आता क्लास. गावात क्लास हवा, खिशात फी हवी. ५ मे १९०१ रोजी गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर विद्या बहुतेक घराण्यात आणि गुरूच्या मर्जीवर होती. त्यांनी ती वर्गात, पुस्तकात, अभ्यासक्रमात आणली. संगीताचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंड्यांनी घराण्यांतल्या चिजा, म्हणजे बंदिशी, जमवून स्वरलिपीत छापल्या. दार उघडायला एवढी खटपट झाली, आणि आपण ते पुन्हा क्लासवाल्यांकडे सोपवणार? शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत १००हून जास्त मुलं असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, हवा. तुमच्या शाळेत आहे का, विचारून बघा. असलाच तर बहुधा चित्रकलेचा.

गुणांचा मुद्दा मात्र खरा आहे. गुणांपुरती पेटी वाजवणारी मुलं असतात. पण ते गुण मिळतात मान्यताप्राप्त संस्थांच्या परीक्षांवर, शाळेतल्या तासिकेवर नाही. तासिका बंद केली तरी ती योजना जशीच्या तशी चालू राहील, फक्त क्लासची फी परवडणाऱ्यांपुरती.