सात ‘राहिलाय’ म्हणून सात येत नसतो

आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय, मी दोनदा बघून सोडून दिला. पण रविवारी कळव्याला मावशीकडे गेलो तर काकांनी तो वहीत उतरवून काढलेला, पुढच्या पानावर तीस दिवसांच्या लॉटरीचे शेवटचे आकडे आणि खाली लाल पेनने गोल केलेला 7. म्हणून आता लिहितोच.

फॉरवर्ड म्हणतो: नाणं दहा वेळा उडवा, पाच-पाच येत नाही, म्हणजे शाळेतली प्रॉबेबिलिटी खोटी. सलग चार काटे आले की पुढे छापाच, कारण हिशोब बरोबर व्हायलाच लागतो. म्हणून बरेच दिवस न आलेला आकडा लावा. आणि नाणं फिफ्टी-फिफ्टी नसतंच.

पहिलं पटकन संपवतो. दहा फेकींचे 1024 प्रकार होतात, त्यात बरोबर पाच-पाचचे 252, म्हणजे साधारण चारातून एकदा. हे थिअरीच सांगते! दहावीच्या पुस्तकातल्या 1/2 चा अर्थ दर दहाला पाच असा कधीच नव्हता. आणि थिअरी खोटी म्हणायची, मग तिच्याच भरवशावर ‘हिशोब बरोबर होणार’ पण म्हणायचं, हे कसं काय?

खरा घात दुसऱ्या मुद्द्यात आहे. जॉन केरिच नावाचा गणिती 1940 मध्ये डेन्मार्कमध्ये अडकला, जर्मनांनी देश घेतला, आणि छावणीत बसून त्याने नाणं 10,000 वेळा उडवलं, सगळं लिहून ठेवलं. पहिल्या 100 फेकींत 44 छापे, म्हणजे निम्म्याला सहा कमी. 10,000 ला 5067, म्हणजे 67 जास्त. हिशोब बरोबर व्हायचा असता तर सहाचा फरक मिटायला हवा होता ना, तो 67 झाला. तरी टक्केवारी 44 वरून 50.67 वर आली. नाण्याने मागची भरपाई केली नाही, पुढच्या फेकी एवढ्या झाल्या की सुरुवातीचे सहा त्यात दिसेनासे झाले. प्रयोगातला आकडा थिअरीजवळ येतो तो असा. पुढच्या फेकीला छाप्याचा चान्स निम्माच.

आता काकांचा 7. दहातला कुठला तरी एक आकडा तीस सोडतींत अजिबात न येणं शंभरात साधारण 37 वेळा होतं, यात नवल काही नाही. उद्या 7 यायचा चान्स दहात एक, कालही तेवढाच होता. मावशी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, “पेन्शनमधून रोज तिकिटं वाढवतायत रे, आता येईलच म्हणून.” इटलीत व्हेनिसच्या लॉटरीत 53 हा आकडा 2003 पासून फेब्रुवारी 2005 पर्यंत आला नव्हता, ‘आता येणारच’ म्हणत लोकांनी आयुष्यभराची पुंजी घातली त्यात.

शेवटचा मुद्दा थोडा खरा आहे, मान्य करतो. 2023 मध्ये संशोधकांनी 3,50,757 फेकी मोजल्या, सुरुवातीला वर असलेली बाजूच 50.8 टक्के वेळा वर आली. पण छापा आणि काटा यांच्यात फरक नाही निघाला, आणि याचा लॉटरीशी काडीचा संबंध नाही.

निघताना काकांना म्हटलं, सलग चार काटे आले की पुढचं काय आलं तेवढंच लिहा. काल फोन आला. बारा नोंदी झाल्यात, 5 छापे, 7 काटे. “अजून बारा घेतो,” म्हणाले.