शेवटचं पत्र हिशोबाचं असावं

परवा आमच्या भावकीच्या ग्रुपवर ते पत्र पुन्हा फिरलं. तिरंग्याची चौकट, कोपऱ्यात रडणाऱ्या म्हातारीचं चित्र आणि वर मोठ्या अक्षरात 'सीमेवरच्या जवानाचं आईला शेवटचं पत्र'. आई, मी तुझ्या कुशीत नसलो तरी भारतमातेच्या कुशीत झोपलोय, वगैरे वगैरे. 26 जुलैला येतं, 15 ऑगस्टला येतं आणि कुठं काही घडलं की त्याच संध्याकाळी येतं. जवानाचं नाव नाही, गाव नाही, युनिट नाही. कुणीतरी पंख्याखाली बसून लिहिलेलं आहे हे दुसऱ्या ओळीलाच कळतं. मराठवाड्यातल्या पोरानं घरी पत्र लिहिलं आणि त्यात 'पाऊस झाला का' हे विचारलं नाही, असं होतच नाही.

मी फौजीची बायको. सासर औसा तालुक्यात, पण पोरांच्या शिकवण्यांपायी लातूरला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते. गल्लीत आमच्यासारख्या आणखी काही जणी आहेत. कुणाचा नवरा राजौरीला, कुणाचा तवांगकडं, एकीचा सीआरपीएफमध्ये, छत्तीसगडच्या जंगलात. तेव्हा कुणी मला कमेंटमध्ये देशभक्ती शिकवायला येऊ नये, ही आधीच विनंती.

माझं म्हणणं एवढंच आहे की फौजीनं मागं ठेवायचं पत्र रडवणारं नसलं तरी चालेल, त्यात हिशोब पाहिजे. पासबुकं कुठं आहेत, कुणाचे किती घेतले, कुणाला किती दिले, कोणत्या कागदावर कुणाचं नाव लावलंय. आणि ते सुट्टीत, घरी, सगळं सुखरूप असताना लिहून व्हावं.

कारगिलमधलं कॅप्टन विजयंत थापर यांचं पत्र बऱ्याच जणांनी वाचलं असेल. 2 राजपुताना रायफल्सचे, वय 22. जून 1999 मध्ये नोल नावाच्या डोंगरमाथ्याच्या चढाईआधी घरच्यांसाठी लिहून ठेवलेलं. त्यातलं अप्सरांच्या पाहुणचाराचं वाक्य लोक फोटोवर टाकून फिरवतात. मला मात्र दुसरीच ओळ सोडत नाही. अनाथाश्रमाला थोडे पैसे द्या आणि काश्मीरमधल्या एका लहान मुलीला महिन्याला 50 रुपये देत राहा, असं त्यांनी आईवडिलांना सांगितलं होतं. समोर मरण दिसत असताना तो पोरगा कुणाच्या तरी महिन्याच्या पन्नास रुपयांची सोय लावून निघाला. ही ओळ कुणी स्टेटसला ठेवत नाही, पन्नास रुपयांच्या मागं गाणं लावता येत नाही ना.

आमच्या घरात जे पत्र आहे ते याहून साधं. माझे चुलत सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, कारगिलच्या वेळी तोफखान्यात होते, द्रासच्या बाजूला. तिथून आलेलं त्यांचं निळं आंतरदेशीय पत्र चुलत सासूनं ज्ञानेश्वरीच्या फडक्यात गुंडाळून ठेवलंय. घड्यांवर विरलंय, शाई तपकिरी झालीय. पाठवणाऱ्याच्या जागी नंबर, नाव, युनिट आणि '56 एपीओ', म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. माणूस नेमका कुठं आहे ते त्यावरून कळू नये म्हणूनच तसा पत्ता असतो. आतला मजकूर मला जवळजवळ पाठ आहे:

'ति. बाबांस साष्टांग नमस्कार. इकडील सर्व कुशल. इथे थोडी गडबड चालू आहे, त्यामुळे छुट्टी पुढे गेली. पाऊस झाला का. पेरणीला सोसायटीचे पैसे मिळाले नाहीत तर मामाकडून घ्यावे, दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊ नये. एलआयसीची पावती पेटीत वरच्या बाजूला आहे. म्हैस विकू नये. बारकीला शाळेत घालावे. घरातल्या माणसाने वेळेवर जेवण करत जावे.'

ती 'थोडी गडबड' म्हणजे रात्रंदिवस चाललेला बोफोर्सचा मारा. चुलत सासूला वाचता येत नव्हतं. गल्लीतले गुरुजी ओट्यावर बसून पत्र वाचायचे आणि ऐकायला निम्मी गल्ली. असल्या पत्रात माणूस बायकोला लिहिणार तरी काय? गुरुजींनी ती शेवटची ओळ वाचली, घरातलं माणूस म्हणजे कोण ते सगळ्यांना कळलं, बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि ही उठून चुलीपाशी गेली. हे ती अजून सांगते आणि सांगताना अजून लाजते.

अण्णा सुखरूप परत आले, हवालदार होऊन पेन्शनीवर आले. पण देव न करो, आले नसते, तरी त्या एका निळ्या कागदावर घराचा पुढचा हंगाम निघाला असता. पैसा कुणाकडून घ्यायचा, कुणाकडून नाही, काय विकायचं नाही, पावती कुठं आहे, सगळं त्यात होतं. शेवटचं पत्र म्हणून त्यांनी ते लिहिलेलंही नव्हतं.

आता पत्र कोण लिहितंय? व्हिडिओ कॉल येतो. 'जेवलीस का, पोरं काय करायलीत, बरं ठेवतो.' नेटवर्क गेलं की विषय संपला. रोज बोलणं होतं आणि कागदावर काही राहत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरी माणूस गेल्यावर मागाहून त्याची पेटी आली. फौजींच्या घरात ही पेटी सगळ्यांना माहीत आहे. काळी, पत्र्याची, वर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक आणि नाव. आत घडी घातलेली वर्दी, दाढीचं सामान, पोरीसाठी घेतलेला स्वेटर, जो तोवर तिला आखूड झाला होता, आणि मोबाइल. मोबाइलला पॅटर्न लॉक. बँकेचं कुठलं अॅप, कर्जाचा हप्ता कुठून कटतो, उसने कुणाकडं, सगळं त्या काचेच्या आत. दिरानं बोटानं रेघा ओढून ओढून शेवटी तो ठेवून दिला. त्यातले त्याचे आवाज तरी निघतील का, एवढंच ती माऊली येईल त्याला विचारायची.

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सुट्ट्या रद्द झाल्या तेव्हा आमचे हे पुतण्याच्या लग्नाला आलेले होते. फोन आला, नांदेडहून सचखंड एक्सप्रेस गाठायचं ठरलं. पिशवी भरता भरता मी वही पुढं केली. म्हटलं, सगळं लिहून द्या. हे भडकलेच. 'निघताना असलं काय काढतीस?' आत्या देवापुढं जाऊन बसल्या. अण्णा तेवढे ओट्यावरून ओरडले, 'लिव की रं! लिवल्यानं माणूस मरत आसता तर तलाठी कवाच गेला आसता.' सगळे हसले, हे पण हसले आणि बसले लिहायला. दोन पानं झाली. त्यात एका दोस्ताला उसने दिलेले चाळीस हजार निघाले, जे मला माहीतच नव्हते. त्यावर नांदेडपर्यंत गाडीत काय बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

आधी 1962, 65, 71 च्या लढायांत बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडंच व्हायचे. घरी तार यायची. कारगिलपासून पार्थिव गावापर्यंत येऊ लागलं, हे चांगलंच झालं, आईला तोंड तरी बघायला मिळतं. पण आता त्या दिवशी गावात काय असतं ते तुम्ही पाहिलंय. रस्त्यावर रांगोळ्या, ट्रॅक्टरवर फुलं, पुढाऱ्यांच्या गाड्या आणि त्या बाईच्या तोंडासमोर दहा मोबाइल. ती रडली तर व्हिडिओ, नाही रडली तरी व्हिडिओ. लहान लेकरानं सॅल्यूट केला की लाखो व्ह्यूज. गोडजेवण झालं की सगळं गाव आपापल्या कामाला लागतं, आणि त्यात चूक काही नाही, कामं कुणाला चुकलीत? पण तिचं खरं काम तिथून सुरू होतं, आणि ते असतं कागदांचं.

आपल्याकडं लग्नात बाईचं नाव बदलायची हौस. दाखल्यावर संगीता, आधारवर सविता, युनिटमधल्या नोंदीत आणखी तिसरंच स्पेलिंग. जन्मतारीख बघावी तर निम्म्या मराठवाड्याची 1 जून, गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली. नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डला लागलेलं नाव आणि बँकेतलं नाव यात एका अक्षराचा फरक असला तर प्रतिज्ञापत्र, राजपत्र, परत अर्ज, परत फेऱ्या. हे सगळं तो जिवंत असताना एका सुट्टीत दुरुस्त होतं. तो गेल्यावर तिला कडेवर पोर घेऊन करावं लागतं.

दुसरं म्हणजे वारसाची नोंद. पोरगा एकोणिसाव्या वर्षी भरती होतो, फॉर्मवर आईचं नाव लिहितो. बरोबरच आहे, तेव्हा आईच असते. पुढं लग्न होतं. लग्न झालं की युनिटमध्ये 'पार्ट टू ऑर्डर' काढून बायकोची नोंद करायची असते, पोर झालं की पुन्हा. कंटाळा करतात, पुढच्या वेळी बघू म्हणतात. फॅमिली पेन्शन नियमानं आधी बायकोला जाते, पण ग्रुप इन्शुरन्स आणि फंड हे ज्याचं नाव दिलंय त्याच्याकडं. मग एकाच घरात सासू-सून दोन तोंडांना. मी सुनेचीच बाजू घेते असं समजू नका. कोरडवाहू चार एकरांवर म्हातारा-म्हातारीनं काय सुनेपुढं हात पसरायचा? त्यांना किती, तिला किती, हे त्यानंच हातानं वाटून लिहून ठेवावं. गेलेल्या माणसाच्या मनात काय होतं यावरून भांडण व्हायला नको असेल, तर मनातलं कागदावर पाहिजे.

2024 च्या जुलैमध्ये काय झालं ते आठवा. सियाचिनमध्ये गेलेल्या एका तरुण कॅप्टनला मरणोत्तर कीर्ती चक्र मिळालं. त्यानंतर आईवडील टीव्हीवर आले, सून गेली, पदक गेलं, वारसाचे नियम बदला म्हणाले. त्या म्हाताऱ्यांचं दुःख मला कळतं. पण त्यानंतर तुम्ही-आम्ही, म्हणजे त्या दोघांनाही न ओळखणाऱ्या लोकांनी, त्या मुलीबद्दल जे लिहिलं! एकाच्या घाणेरड्या कमेंटची राष्ट्रीय महिला आयोगाला दखल घ्यावी लागली. जवानाच्या फोटोला सॅल्यूट आणि त्याच्या बायकोला शिव्या, एकाच अंगठ्यानं.

आधी शौर्यपदकाचा भत्ता विधवेनं दुसरं लग्न केलं की बंद व्हायचा, दिराशी केलं तरच चालू राहायचा. नोव्हेंबर 2017 मध्ये ती अट निघाली. कागदावरून निघाली, ओट्यावरून अजून निघायची आहे. चोविशीतल्या पोरीला 'त्याच्या नावानं राहा' म्हणणारे लोक मी माझ्या कानानं ऐकलेत, आणि त्यात बायकाच जास्त होत्या. फौजींनो, त्या पत्रात ही पण एक ओळ लिहा. 'ती लग्न करणार असेल तर कुणी आडवं येऊ नये.' लिहायला जड आहे, माहीत आहे. आमच्या ह्यांनी लिहायच्या आधी बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं होतं.

अग्निवीरांचं आणखी वेगळं. पहाटे औसा रोडला निघालात तर अंधारात पोरं पळताना दिसतील, 1600 मीटरची तयारी. निम्म्यांच्या पायांत फाटके बूट. चार वर्षांची नोकरी, त्यातले 25 टक्के पुढं कायम. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचिनमध्ये गेला. अशा वेळी 48 लाखांचा विमा, 44 लाख सानुग्रह आणि आणखी काही रकमा मिळतात, कायमची फॅमिली पेन्शन नाही. ही योजना चांगली की वाईट यावर बाकीचे भांडतायत, भांडू द्या. मला एवढंच दिसतं की महिन्याला येणारी पेन्शन चुका पोटात घालते, एकरकमी पैसा घालत नाही. पैसा आल्याचं कळलं की प्लॉटवाले, फायनान्सवाले, लांबचे मावसभाऊ सगळे उंबऱ्यात हजर. त्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरानं आईबापासाठी एवढं तरी लिहून जावं: कुणाला उसने देऊ नका, आधी सोसायटी फेडा, उरलेले पोस्टात ठेवा.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर काय आहे ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर. सर्व्हिस नंबर, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, युनिटमधल्या दोन माणसांची नावं आणि फोन. बँक, पोस्ट, एलआयसी, कर्जाचे हप्ते आणि तारखा. फोनचा पॅटर्न काढून दाखवलेला. सातबाऱ्यावर काय चढलंय, काय चढायचं राहिलंय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठं आहे. सगळ्या कागदांवरचं माझं नाव एकच आहे का, याच्या पुढं बरोबरची खूण. बारावीच्या सर्टिफिकेटपुढं अजून खूण नाही, ते काम दिवाळीच्या सुट्टीत करायचंय.

ज्यांचे फौजी सध्या सुट्टीवर आहेत त्यांनी काही अडलं तर खुशाल विचारा, पण इनबॉक्समध्ये. कागदांचे फोटो, नंबर, युनिट, जायची तारीख, गाडीचं नाव, यातलं काहीही कमेंटमध्ये टाकू नका. पोरं शिकवणीहून आली, जेवणं झाली की रात्री एकेकीला उत्तर देते.