हुमल्यांचो आकडो खय?

शिमग्यात पालखीवर मोहोळ उठलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोण देवळात घुसलं आणि कोण विहिरीच्या कठड्याआड बसलं, तेही आता पाठ झालंय. म्हणून ते पुन्हा सांगत नाही. सांगायचंय ते परवा संध्याकाळी तिठ्यावरच्या कट्ट्यावर, कोणाच्या डंखाची कळ जास्त यावरून जुंपली ते.

जुंपवली प्रसादने. तो डोंबिवलीहून आंब्याला येतो. सहा वाजले की पायांत मोजे, मनगटापर्यंत बाह्या, आणि हातात मोबाइल. मोबाइलवर आलं की ते खरं, आणि इंग्रजीत आलं की दुप्पट खरं.

"अरे, डंखांची पट्टी असते! शून्य ते चार! जस्टिन श्मिट नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ. हजाराच्या वर डंख खाल्ले त्याने. मधमाशी दोन, गांधीलमाशी तीन, बुलेट मुंगी चार! विषय संपला!"

"कुठली गांधीलमाशी?" मास्तर म्हणाले. मास्तर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण प्रश्न अजून फळ्यासमोर उभे असल्यासारखेच विचारतात. "तिकडच्या यलोजॅकेटला त्याने दोनच दिलेत. कागदासारखं पोळं बांधणाऱ्या एका जातीला तीन. आणि तो मुद्दाम चावून घेत नसे रे. किड्यांच्या विषावर काम करायचा, त्यात चावे होत गेले. १९८३ मध्ये त्याने पट्टी मांडली, मधमाशीचा डंख मधलं माप म्हणून धरला, कारण तो बहुतेकांनी खाल्लेला असतो."

"तेच म्हणतोय मी," प्रसाद म्हणाला. तो ते म्हणत नव्हता.

मग बुलेट मुंगी. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातली, बोटाच्या पेराएवढी. व्हेनेझुएलात तिला चोवीस तासांची मुंगी म्हणतात, कारण कळ तेवढा वेळ टिकते. तिच्याच रांगेत एक कोळी मारणारी मोठी गांधीलमाशी, तिलाही चार. पण तिची कळ पाचएक मिनिटांत उतरते. त्यावर श्मिटचा सल्ला एवढाच, की आडवं पडा आणि ओरडा.

बाबल्या इतका वेळ गप्प होता. तो दिवसभर कलमांवर होता. कोपरापासून मनगटापर्यंत लाल पुळ्या, कानामागे सूज, आणि अंगाला अजून राखेचा वास.

"हुमल्याचो आकडो काय?"

हुमले म्हणजे ओंबील, आंब्याची पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या. प्रसादने खाली-वर सरकवून बघितलं. नव्हतं.

"नसणारच," मास्तर म्हणाले. "ओंबिलीला डंख नसतो. ती चावते, आणि पोट उचलून चाव्यावर फॉर्मिक आम्ल उडवते. ही पट्टी डंखांची."

"म्हंजे माका चावला ता चावलाच नाय?"

"तसं नाही, शास्त्रीय दृष्ट्या..." प्रसाद सुरू झाला.

"मेल्या, शास्त्र तुझ्याकडेच ठेव. एकटो हुमलो कधी येता काय? येतत ते वाडी घेवन येतत. मी तीस फुटार, दोनय हात झेल्याक. खाजवतलंस कशान? त्या श्मिटाक चावून घेतल्याचे पैसे गावले. माका आंब्याचेच."

इथे कट्टा थोडा वेळ गप्प झाला. मी बाबल्याच्या बाजूचा आहे आणि ते लपवत नाही. पट्टीत एक डंख आणि एक कळ मोजलेली आहे. चावत असताना फांदी सोडता न येणं तिच्यात नाही, आणि पेटी भरेपर्यंत खाली उतरता न येणंही नाही. देवगडचा हापूस म्हणून आपण जो भाव देतो, त्यात या पुळ्यांचा एक पैसा नसतो. तिकडे ओडिशात सिमिलीपालच्या याच मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडे आंब्याला मिळालंय. झाडावर चढणाऱ्याला काय मिळतं?

विषय परत पालखीकडे वळला, कारण प्रसादला कोणीतरी विचारलं, मधमाशीला फक्त दोन, मग त्या दिवशी तू का पळालास. मास्तरांनी सांगितलं ते सगळ्यांनी ऐकून ठेवण्यासारखं आहे. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, ती कातडीत राहते आणि विष सोडत राहते, म्हणून ती लगेच काढायची, नखाने का होईना. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत, ती पुन्हा पुन्हा मारते. आणि मधमाशीने मारलं की पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो, तो बाकीच्यांना बोलावणं असतो. पालखीत पहिली माशी चापटीने मारली तिथेच पुढचं सगळं ठरलं. आग्या मोहोळाच्या शेकड्यांनी डंखांपुढे 'दोन' हा आकडा काही कामाचा नाही. आणि ज्याला वावडं असतं त्याचा जीव एका डंखानेही जातो.

"आणि नांगी असते ती मादीलाच," मास्तर म्हणाले. "मुळात ती अंडी घालायची नळी."

टपरीवरून मंदाकाकूंचा आवाज आला, "मगे नर काय करता?"

"नर काही करत नाही."

काकूंनी प्रसादकडे बघितलं आणि दूध वर आलं म्हणून वळल्या.

"पण इंचवाचा काय?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"विंचू कीटकच नव्हे काकू, आठ पाय असतात त्याला," प्रसाद लगेच म्हणाला. या खेपेला तो बरोबर होता.

"चावताना तो पाय मोजूक देता काय रे?"

काकूंचे सासरे तांबड्या विंचवाने गेले. गडग्याचे चिरे उचलताना. रात्रभर घाम, हात बर्फासारखे, पहाटे छातीत पाणी. काकूंच्या मुलाला तसाच विंचू वीस वर्षांनी चावला आणि तो आज रिक्षा चालवतो. मधे जे घडलं ते आपल्या कोकणातच घडलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर रायगडच्या खेड्यांत विंचवाच्या रोग्यांच्या उशाशी रात्री काढत होते. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी या विषावर चालते हे त्यांनी दाखवलं, आणि जी माणसं एरवी दगावली असती ती घरी परतू लागली. पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये. कळ किती हे मोजणाऱ्याबद्दल मला आदर आहे. पण कळ बसलेला माणूस सकाळी जिवंत कसा राहील हे बघणाऱ्यापुढे मी हात जोडतो.

हे मी बोललो तेव्हा सगळ्यांनी मान हलवली. प्रसादला मात्र हरल्यासारखं वाटलं असावं. त्याने नवीन काढलं.

"हे ऐका! मायकल स्मिथ नावाचा संशोधक. याने स्वतःच्या अंगावर पंचवीस जागी मधमाश्या चावून घेतल्या, प्रत्येक जागी तीनदा! दहापैकी गुण. २०१५ मध्ये श्मिटला आणि याला मिळून इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं नोबेल! डोक्यावर सगळ्यात कमी, दोन पॉइंट तीन. नाकपुडीत नऊ. वरच्या ओठावर आठ पॉइंट सात. मग..." आणि तो थांबला.

बाबल्याचा हात वरच्या ओठावर गेला होता.

"आठ पॉइंट सात?"

"हो."

"सातवीत. पडवीतला गांधीलमाश्यांचा पोळा. माका हयच चावलेली. ता पोळा कोणी फोडला, प्रसाद?"

"मला काय माहीत? आणि तो दगड एवढासा तर होता!"

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मास्तरांच्या आलं.

"तू मारलास? आणि मी याला छडी मारली?"

"सात," बाबल्या म्हणाला. "गांधीलमाशी तीन. तुमची छडी किती, मास्तरानू?"

हसून हसून दोघांच्या हातातला चहा सांडला. मास्तर हसले नाहीत. उठून टपरीवर गेले, सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले, बाबल्यासाठी दोन वडे सांगितले आणि ते स्वतः आणून त्याच्या हातात ठेवले.

"आनि काय रे प्रसाद," मंदाकाकू म्हणाल्या, "नाक झाला, ओठ झालो. तिसरी जागा खयची? वाच मरे."

प्रसादने मोबाइल खिशात घातला.